पुस्तकाची पीडीएफ फॉरवर्ड करताय? आधी हे वाचा

साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाले, की वाचनाच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : ‘कोणाकडे पीडीएफ आहे का?’ मराठीसाठी २०२१ मध्ये किरण गुरव (‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’), २०२२ मध्ये प्रवीण बांदेकर (‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’) आणि २०२३ मध्ये कृष्णात खोत (‘रिंगाण’) यांना हा पुरस्कार मिळाला. हे आजचे लेखक आहेत. अशा लेखकांच्या पुस्तकाची पीडीएफ परवानगीशिवाय पाठवली, तर काय होतं?

कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांसाठी खुली आहे. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणून ‘ययाति’वरचा हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत आहे. पुस्तक बाजारात मिळत नाही, म्हणून हक्क संपत नाही.

जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ नुसार ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. पैसे कमावण्याचा हेतू नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण ‘मी पैसे घेतले नाहीत’ म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

लेखकाचं नुकसान किती?

समजा, ३०० रुपयांच्या पुस्तकावर लेखकाला १० टक्के रॉयल्टी ठरली आहे. म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. ५०० प्रती खपल्या, तर हाती येतात १५ हजार, तेही कित्येकदा दोन-तीन वर्षांच्या मेहनतीनंतर. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची किंवा त्याहूनही लहान असते. तिथे शंभर वाचक पीडीएफकडे वळले, तरी फरक पडतो. आवृत्ती पडून राहिली, की त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक काढायला प्रकाशक कचरतो.

मग काय चालतं?

• परीक्षण लिहिताना लेखकाच्या नावासह गरजेपुरता उतारा देता येतो. अख्खं प्रकरण टाकणं वेगळं.

• विकत घेतलेलं छापील पुस्तक मित्राला वाचायला देता येतं, कारण त्यात नवी प्रत तयार होत नाही. पीडीएफ पाठवताना मात्र दर वेळी नवी प्रत तयार होते.

• मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तकं आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-पुस्तकं मोफत देतं.

• अनुवाद असेल, तर नीट पाहा. मूळ पुस्तक हक्कमुक्त असलं, तरी अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो.

पुस्तक घेणं परवडत नसेल, तर गावातलं वाचनालय आहेच. तिथे मागणी नोंदवली, तर पुस्तक खरेदी होण्याची शक्यता वाढते आणि तुमच्यानंतर आणखी वाचकांना ते मिळतं. त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर पीडीएफची विचारणा झाली, तर पुस्तक कुठे मिळतं ते कळवा. वाचकाचं काम होईल आणि लेखकाचाही हक्क राहील.