गोत्राबाहेरचे सुतक

घरातले माणूस गेले म्हणजे घराने काय करावे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या घरून पिठले-भात येतो. देवपूजा थांबते, दहा दिवस सुतक पाळले जाते आणि तेराव्यानंतर गोड घास खाऊन घर पुन्हा व्यवहाराला लागते. परंतु ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही, ज्याला आपण कदाचित डोळ्यांनी पाहिलेलेही नाही, असा एखादा लोकनायक गेला तर घराने काय करावे?

शास्त्रकारांना हा प्रश्न अगदीच अपरिचित नव्हता. आचार्य निवर्तल्यास शिष्याने तीन रात्री अशौच पाळावे, असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. ज्याच्या राज्यात आपण राहतो तो राजा मृत्यू पावल्यास ही मुदत आणखी आखूड होते. तो दिवसा गेला तर सूर्य मावळेपर्यंत आणि रात्री गेला तर तारे मावळेपर्यंत, एवढेच ते अशौच. नात्याबाहेरच्या शोकाचे जुने माप हे असे होते.

३० जानेवारी १९४८ रोजी हे माप अपुरे पडले. त्या सायंकाळी दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात, प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींची गोळ्या घालून हत्या झाली. ते कोणत्याही राज्याचे राजे नव्हते. साधे अधिकारपदही त्यांच्याकडे नव्हते. त्याच रात्री पंडित नेहरूंनी नभोवाणीवरून देशाला ही वार्ता सांगितली. त्या भाषणातील शोकोद्गार सर्वांच्या स्मरणात राहिले. मात्र त्याच भाषणात घरोघरच्या माणसांसाठी एक साधी सूचना होती, तिची आठवण क्वचितच निघते. दुसरा दिवस सर्वांनी उपवासाचा व प्रार्थनेचा मानावा, आणि दिल्लीत यमुनाकाठी दहन होईल त्या वेळी, म्हणजे दुपारी चार वाजता, ज्याने त्याने आपल्या गावच्या नदीवर किंवा समुद्रावर जाऊन प्रार्थना करावी, अशी ती सूचना होती.

या सूचनेचे मर्म पाहण्यासारखे आहे. तीत नवा विधी एकही नव्हता. उपवास घराला ठाऊक होता आणि मृताच्या नावाने पाण्याकाठी जाणेही ठाऊक होते. नवी होती ती फक्त वेळ. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहाच केंद्रे आली होती. बडोदे व हैदराबाद येथील केंद्रे संस्थानांची होती. रेडिओ काही घरोघर नव्हता. तरीही एका आवाजाने दूरदूरच्या कुटुंबांना एका घटकेवर आणून उभे केले. विश्वामित्रीकाठच्या माणसालाही यमुनेकाठच्या चितेपाशी उभे राहता यावे, अशी ती योजना होती.

दिल्लीत चितेला पुत्र रामदास यांनी अग्नी दिला. दुखवटा तेरा दिवसांचा ठरला. १२ फेब्रुवारीला प्रयागच्या संगमात अस्थिविसर्जन झाले. त्याच दिवशी वर्ध्याजवळ पवनारच्या धाम नदीतही अस्थी सोडण्यात आल्या. नाशिकचे रामकुंडही या अस्थींना लाभले. राजासाठी सूर्यास्तापर्यंतचे अशौच सांगणाऱ्या समाजाने या माणसासाठी तेरा दिवस का धरावे? याचे उत्तर त्यांच्या नावातच आहे. लोकांनी त्यांना ‘बापू’ म्हटले होते. मग सुतकही बापाचेच आले.

परंतु सुतक म्हणजे केवळ शोक नव्हे. सुतक म्हणजे संयम. त्या दिवसांत घर आवाज चढवीत नाही, वाद काढीत नाही. नेहरूंनीही त्या रात्री रागाच्या भरात कोणी गैर वागू नये, असे बजावले होते. हे सांगणे महाराष्ट्रात सर्वत्र मानले गेले नाही, हे कबूल केले पाहिजे. मारेकरी मराठी ब्राह्मण असल्याचे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सोडावे लागले. अहिंसेच्या उपासकाचे सुतक चालू असताना त्याच्याच नावाने दुसऱ्याच्या घराला आग लावणे, हा त्या सुतकाचा भंग होता.

सरकारी दुखवट्याचे नियम ठरलेले असतात. ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी २०१८ साली निवर्तले तेव्हा सात दिवस राष्ट्रध्वज अर्ध्यावर होता आणि शासकीय करमणुकीचे कार्यक्रम बंद होते. ध्वज हुकमाने उतरतो. घराचे मात्र तसे नसते. तेथे दुखवटा पाळायचा की नाही, हे घरच ठरवते.

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळण्यात येते. त्या वेळी घरातील मुलांनाही जवळ उभे करावे. गेलेला माणूस आपला कोण, असे त्यांनी विचारले तर नाते सांगावे. आणि त्या नात्यापायी कोणाचाही द्वेष करावयाचा नाही, हेही सांगावे. गोत्राबाहेरचे सुतक पाळावयाचे ते असे.