उसन्या नावाची कोळंबी

सोलापुरात राहून खोल समुद्रातल्या कोळंबीचा नाद लागलेला माणूस विरळाच. इथं बाजारात सोडे-सुकट येते, उजनीचे झिंगे येतात, आणि विषय तिथंच मिटतो. मला मात्र आल्फ्रेड अल्कॉक यांच्या १९०१ च्या सूचीनं धरून ठेवलं आहे. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जमा झालेल्या खोल पाण्यातल्या कोळंब्या आणि त्यांच्या भाऊबंदांची ती वर्णनात्मक यादी. सोलापूर समुद्रसपाटीपासून जितकं उंच, साधारण साडेचारशे मीटर, तितकंच खाली उतरलं की तिच्यातल्या कित्येक जातींचं घर लागतं.

हे नमुने आणणारं ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेलं. लाकडी, बाजूला चाकं असलेली वाफेची बोट. तिचं खरं काम सागरी नकाशांचं; पण बोटीवरच्या डॉक्टरकडे प्राणी गोळा करण्याचीही जबाबदारी असे. १८८८ ते १८९२ या काळात ती अल्कॉक यांच्याकडे होती. हेटेरोकार्पस प्रजातीतल्या एका कोळंबीनं बादलीत निळ्या प्रकाशाचे लोट सोडले आणि त्या उजेडात बादलीतलं सगळं लख्ख दिसलं, असं त्यांनी १९०२ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. आपल्या समुद्राबद्दल इतकं जिवंत वर्णन मी क्वचितच वाचलं आहे.

अशा उजेडाची आणि रंगाची नोंद बोटीवरच करावी लागते. बरणीतल्या अल्कोहोलमध्ये कोळंबीचा लाल रंग उतरतो. मग ओळख पटवायला उरतात कपाळावरच्या काट्याचे दात, पाठीवरची धार, पोटाच्या खंडांवरचे काटे. तिथंच चकवा बसतो.

अरिस्टिअस या लाल कोळंबीचं तेच झालं. अल्कॉक आणि त्यांचे सहकारी वुड-मेसन यांनी भारतीय नमुन्यांना ‘सेमिडेंटॅटस’ हे स्पेन्स बेट यांनी आधीच दिलेलं नाव लावलं. पुढं १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून अरबी समुद्राची मोहीम झाली. प्रमुख होते सेवेल, स्वतः एकेकाळचे, ‘इन्व्हेस्टिगेटर’ याच नावाच्या नंतरच्या जहाजावरचे डॉक्टर. त्या संग्रहावर काम करताना रमदान यांना ही जात निराळी असल्याचं दिसलं. १९३८ साली तिला स्वतंत्र नाव मिळालं: अरिस्टिअस अल्कॉकी. अल्कॉक १९३३ मध्येच वारले होते. ज्यांच्या हातून ओळख चुकली त्यांचंच नाव रमदान यांनी त्या जातीला दिलं, यात मला शास्त्राचा मोठेपणा दिसतो.

१९९९ च्या सुमारास केरळच्या ट्रॉलरांनी खोल पाण्याच्या पट्ट्यात नियमित मासेमारी सुरू केली आणि अल्कॉकी निर्यातीचा माल झाली. तिच्यासोबत येणाऱ्या प्लेसिओनिकाची गोष्टही ओळखीची वाटेल. भारतात वर्षानुवर्षं ‘स्पिनिपेस’ म्हणून नोंदलेली ती कोळंबी आता ‘क्वासिग्रँडिस’ मानली जाते. ही जात चेस यांनी १९८५ साली वेगळी काढली होती. म्हणजे एका जातीचा नकाशा आक्रसतो, दुसरीचा पसरतो, आणि आधीच्या पकडीचे आकडे कुणाच्या खात्यावर मांडायचे हा प्रश्न उरतो. ‘भारतातली पहिली नोंद’ या मथळ्यापेक्षा जुन्या बरण्या पुन्हा उघडून केलेली अशी दुरुस्ती मला अधिक मोलाची वाटते.

महाराष्ट्राच्या वाट्याला या जाती कमी का? मुंबईसमोर उथळ समुद्रबूड जमीन फार लांबवर पसरलेली आहे. ससून डॉकला करंदी, जवळा, कोळंबीचे ढीग लागतात ते याच पाण्यातले. खोल उतार गाठायला बोटीला केरळपेक्षा कितीतरी दूर जावं लागतं. त्यात अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरदरम्यान प्राणवायू अत्यंत कमी असलेला थर आहे. तिथं कोण तग धरतं, हे कोकणासमोर बारकाईनं तपासायला हवं. आणि तिथल्या जाळ्यात एखादी अनोळखी लाल कोळंबी आलीच, तर बर्फात टाकण्याआधी तिचा ताजा फोटो घ्यावा, खोली आणि ठिकाण टिपावं, जनुक-तपासणीसाठी पायाचा तुकडा काढून ठेवावा आणि अख्खा नमुना प्राणी सर्वेक्षण विभागाच्या संग्रहात द्यावा.