रेडॉनचे मोजमाप : एका रात्रीच्या आकड्यावर विसंबू नका

वाशीम : किरणोत्सर्ग म्हटला, की अणुभट्टी किंवा क्ष-किरणांचे यंत्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात माणसाला निसर्गातून मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेतील जवळपास निम्मा वाटा जमिनीतून घरात शिरणाऱ्या एका वायूचा असतो. रेडॉन हे त्याचे नाव. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. त्यामुळे तो घरात किती आहे, हे केवळ मोजूनच कळते आणि हे मोजमाप वाटते तितके सरळ नाही. चुकीच्या पद्धतीने घेतलेला आकडा एखाद्या कुटुंबाला विनाकारण धास्तावून सोडतो, तर कधी खऱ्या धोक्याकडे डोळेझाक करायला लावतो.

रेडॉन येतो कोठून?

माती आणि खडकांत अत्यल्प प्रमाणात युरेनियम असते. त्याच्या विघटनातून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. रेडॉनचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवसांचे आहे. म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू विघटित होतात. मातीतील पोकळ्यांतून वर येऊन जमिनीच्या भेगांतून, फरशीच्या सांध्यांतून घरात शिरण्यास एवढा अवधी पुरतो. उघड्यावर तो हवेत विरून जातो, बंद खोलीत मात्र साचतो.

खरा अपाय होतो तो रेडॉनपासून निर्माण होणाऱ्या पोलोनियमच्या सूक्ष्म कणांमुळे. श्वासावाटे ते फुफ्फुसात चिकटतात आणि त्यांतून निघणारे अल्फा कण तेथील पेशींना इजा करतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, देशोदेशी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ३ ते १४ टक्के रुग्णांमागे रेडॉन हे कारण असते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो.

रेडॉनची पातळी 'बेकरेल प्रति घनमीटर' या एककात सांगतात. एक बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचे विघटन. जगभरातील घरांची सरासरी सुमारे ४० बेकरेल आहे. आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० बेकरेल ही संदर्भ पातळी सुचविली. ती पाळणे शक्य नसेल, तेथे ३०० च्या वर जाऊ नये, असेही सांगितले.

वाशीमची जमीन काय सांगते?

१९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसला आहे. ग्रॅनाइटच्या तुलनेत या खडकात युरेनियम बरेच कमी असते. त्यामुळे येथे रेडॉनचे प्रमाण सर्वसाधारणपणे मर्यादित असावे, असा तर्क करता येतो. पण तर्क म्हणजे मोजमाप नव्हे. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून त्या भेगा मिटतात. त्यामुळे वायूची वाट ऋतूगणिक बदलते. त्यातच घराची बांधणी, फरशीखालचा भराव, बाहेरून आणलेले बांधकाम साहित्य आणि खिडक्या-दारांची ठेवण घरोघरी निराळी असते. कारंजा किंवा रिसोड येथील एकाच गल्लीतील दोन घरांची पातळीही म्हणून सारखी असेलच, असे नाही.

एका रात्रीचा आकडा का फसवतो?

रेडॉनची पातळी दिवसभर हलती असते. दारे बंद असल्याने ती पहाटे चढते आणि दुपारी घर उघडे असताना उतरते. भारतातील बहुतेक पाहण्यांत हिवाळ्यात ती सर्वाधिक, तर उन्हाळ्यात सर्वांत कमी आढळली आहे. डिसेंबरच्या एका रात्रीची नोंद घर विनाकारण धोकादायक ठरवील, तर मे महिन्यातील दुपारची नोंद त्याच घराला निर्धोक म्हणेल. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते वर्षभराच्या सरासरीला.

दुसरे कारण गणिताचे आहे. हवेत ४० बेकरेल रेडॉन असेल, तर एक लिटर हवेत त्याची तासाभरात जेमतेम १४४ विघटने होतात. समजा, एखाद्या उपकरणाने त्यांपैकी दहावा हिस्सा, म्हणजे १४ टिपली. विघटन हा योगायोगाचा खेळ असल्याने अशा नोंदीत पाव हिस्स्याहून अधिक चढ-उतार सहज संभवतो. हेच उपकरण पूर्ण दिवसभर ठेवले, तर नोंदी साडेतीनशेच्या घरात जातात आणि अनिश्चितता पाच टक्क्यांपर्यंत खाली येते. मोजणीचा काळ वाढला, की विश्वासार्हताही वाढते.

मातीच्या भिंती आणि थोरॉन

ग्रामीण घरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मातीत थोरियमही असते आणि त्यापासून रेडॉनचाच भाऊबंद असलेला थोरॉन वायू निघतो. त्याचे अर्धायुष्य अवघे ५६ सेकंद. त्यामुळे तो भिंतीपासून फार दूर जाऊ शकत नाही, पण मातीच्या भिंतीला टेकवून ठेवलेले मापक त्यालाच रेडॉन समजून मोजू शकते. चीनमधील गान्सू प्रांतात मातीत कोरलेल्या घरांत रेडॉन आणि कर्करोगाचा अभ्यास झाला होता. पुढे तेथे थोरॉनचे लक्षणीय प्रमाण आढळले आणि आधीच्या नोंदींत थोरॉनची भेसळ असावी, अशी शंका संशोधकांनी उपस्थित केली. वाशीम जिल्ह्यातील मातीच्या, कवेलूच्या घरांसाठी हा धडा मोलाचा आहे.

यावर मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी साधा उपाय काढला आहे. त्यांच्या मापकात एकामागे एक अशा दोन डब्या असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक छिद्रांची चकती असते. गाळणकागदातून आलेली हवा पहिल्या डबीत शिरते. तेथून छिद्रांवाटे दुसरीत पोहोचेपर्यंत बहुतेक थोरॉन संपून जातो आणि रेडॉन तेवढा उरतो. दोन्ही डब्यांत 'एलआर-११५' ही लालसर फिल्म असते. अल्फा कणांनी तिच्यावर उमटवलेल्या खुणा सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात ठळक करून मोजल्या जातात. हे मापक साधारण तीन महिने खोलीत टांगून ठेवतात. त्याला विजेची गरज नसते, हे भारनियमन सोसलेल्या गावांच्या दृष्टीने विशेष.

मापन विश्वासार्ह कसे होईल?

मापक ज्या खोलीत सर्वाधिक वेळ जातो तेथे, शक्यतो झोपण्याच्या खोलीत आणि खालच्या मजल्यावर ठेवावे. भिंत, खिडकी, पंखा, चूल व न्हाणीघर यांपासून ते दूर असावे. एकाच जागी दोन मापके ठेवल्यास त्यांचा मेळ तपासता येतो. एक कोरी फिल्म बंद ठेवून तिच्यावरील खुणा वजा कराव्यात. रेडॉनची पातळी आधीच ठाऊक असलेल्या कक्षात तपासून घेतलेले मापकच वापरावे. बाजारात मिळणाऱ्या डिजिटल यंत्रांनाही हीच कसोटी लावावी. त्यांच्या पडद्यावरील आकडा कितीही नेमका दिसला, तरी अशा तपासणीवाचून तो ग्राह्य मानू नये. एका ऋतूची नोंद अपुरी असते, ती हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत घ्यावी.

पातळी अधिक आढळलीच, तर घाबरण्याचे कारण नाही. फरशीच्या भेगा व पाइपांभोवतीच्या फटी बुजविणे, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे आणि गरज भासल्यास फरशीखालची हवा पंख्याने बाहेर काढणे, हे परिणामकारक उपाय आहेत. उपाय केल्यानंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे भरवशाचे असतील, तरच उपायाचा उपयोग झाला की नाही, हे कळेल.