पवनारहून निघालेले भूदान

भूमिहीनांसाठी जमीन दान मागणाऱ्या भूदान चळवळीचा उगम तेलंगणाच्या सशस्त्र संघर्षात असला, तरी ती जिथून निघाली ते ठिकाण वर्धा जिल्ह्यात, धाम नदीकाठच्या पवनारला आहे. तिथल्या परमधाम आश्रमात चळवळीचे प्रणेते विनोबा भावे 1938 पासून राहत होते. 1950 च्या सुमारास त्यांनी तिथे कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाचा आधार सोडायचा, विहीर आपणच खणायची आणि बैलांवाचून, हाताने शेती करायची, असा तो प्रयोग होता. पुढे जमीन मागत फिरणारा माणूस स्वतः माती खणत होता, ही गोष्ट भूदानाच्या इतिहासात फार कमी वेळा सांगितली जाते.

मार्च 1951 मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पवनारहून पायी निघाले. अंतर सुमारे 300 मैलांचे होते. तेलंगणात तेव्हा पाच वर्षे आग धुमसत होती. निजामाच्या राजवटीत देशमुखांकडे हजारो एकर जमीन होती आणि कुळांच्या वाट्याला वेठ. 1946 पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या, जमीनदार पळाले. मग लष्कर आणि पोलीस आले. रात्री बंडखोरांचा आणि दिवसा पोलिसांचा धाक, अशा कात्रीत खेडी सापडली. पेरणी करावी की जीव सांभाळावा, हाच प्रश्न होता.

18 एप्रिल 1951 रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे दलित वस्तीतल्या 40 कुटुंबांनी विनोबांकडे 80 एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याचा विचार विनोबांच्या मनात आला, पण त्यांनी समोर जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले. गावातले जमीनदार वेदिरे रामचंद्र रेड्डी उठले आणि त्यांनी 100 एकर देऊ केली. तेलंगणातल्या पुढच्या पदयात्रेत 12 हजारांवर एकर जमीन मिळाली. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, या मागणीतून जमिनीच्या षष्ठांशाचा हिशेब रुजला.

दानाइतकीच वाटपाची रीत महत्त्वाची होती. जमीन गावाच्या उघड्या सभेत वाटायची, ती कोणाला द्यायची हे भूमिहीनांनीच एकमताने ठरवायचे आणि मतभेद झाला तर चिठ्ठ्या टाकायच्या. नुसत्या जमिनीने पीक येत नाही, म्हणून बैल, अवजारे आणि बियाणे यांसाठी साधनदान, तर विहिरींसाठी कूपदान आले. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याने 1953 मध्ये भूदानाचा कायदा केला आणि दानपत्रांना कायद्याचे बळ मिळाले.

उणिवाही मोठ्या होत्या. देशभरात 40 लाख एकरांहून अधिक जमीन दान जाहीर झाली, पण तिचा फार मोठा भाग वाटलाच गेला नाही. काही जमीन खडकाळ होती, काही वादात अडकलेली, काही दात्याच्या वारसांनी परत बळकावली. गावाने वाटप हाती घेतले तिथे काम झाले, कागदावर सोडले तिथे ते अडले. चळवळीचे मूल्यमापन या एका फरकावरूनच करावे लागते.

हीच उणीव भरून काढायला ग्रामदान आले. त्यात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, विसावा भाग भूमिहीनांना मिळतो, उरलेली जमीन मूळ शेतकरी आणि त्याचे वारस कसत राहतात, मात्र ती बाहेरच्याला विकता येत नाही. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा ग्रामकोशात जमा होतो आणि अडचणीच्या वेळी तोच शेतकऱ्याला सावकारापासून वाचवतो. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा 1964 चा आहे.

त्या कायद्याचा ठळक उपयोग झाला तो नक्षलवादी हिंसाचाराने पोळलेल्या गडचिरोलीत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत बसवली. 2009 मध्ये गावाला 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले आणि 2013 मध्ये गावाने ग्रामदान स्वीकारले. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना न झुकता गावाने आपला कारभार आपणच चालवला, हे या गावाचे मोठेपण आहे.

विदर्भातल्या अनेक गावांत आजही भूदानाची जमीन आहे. ज्या वाचकांच्या गावात ती असेल, त्यांनी तिची नोंद तलाठ्याकडून काढून ग्रामसभेत वाचून घ्यावी. ती जमीन आज कोण कसतो, हे गावाला ठाऊक असायलाच हवे.