निविदा आणि निदान

वैनगंगेच्या खोऱ्याला सिकलसेल नवा नाही. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी या रक्तदोषाची नोंद १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती, राष्ट्रीय निर्मूलन मोहीम निघावयास मात्र २०२३ चा जुलै उजाडला!

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात पहिली पारख होते ती स्वस्त अशा विद्राव्यता चाचणीने. तिची भुकटी दमट हवेत निकामी होते. शिवाय मनुष्य केवळ वाहक आहे की रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी यंत्र हवे, त्याला रसायने, तंत्रज्ञ आणि दुरुस्ती हवी. केवळ नीचतम दर पाहणारी निविदा यांपैकी कशाचा हिशेब धरते? राज्याने २०२३ साली वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु प्राधिकरणाने पेटीचा दर विचारू नये. लाखांदूरच्या मुलीच्या हाती पक्का अहवाल पडेपर्यंतचा दर विचारावा. आणि देयके वेळेवर चुकती करावीत, अन्यथा लहान उत्पादक निविदा भरण्याच्या फंदातच पडणार नाहीत.

दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्यास रोगाचा धोका चारांत एक असतो. आपल्याकडे पत्रिका जुळवितात, रक्त कोणी पाहत नाही. लग्नसराई वैशाखात, अहवाल त्यापूर्वी हवा.