चौऱ्याण्णव टक्क्यांचा सत्कार झाला, अडतीस गुणांचे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून गुणगौरव सोहळ्यांचे फलक झळकू लागतात. विहाराच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार अर्पण होतात, त्रिशरण-पंचशील होते आणि मग एकेका विद्यार्थ्याचे नाव टक्केवारीसह पुकारले जाते. टाळ्या पडतात. मुलाला व्यासपीठावर कोणी विचारले की पुढे काय होणार, तर तो हमखास सांगतो, "डॉक्टर होणार." पुन्हा टाळ्या पडतात. अशा अनेक सोहळ्यांत आम्ही व्यासपीठावर बसलो आहोत, भाषणेही ठोकली आहेत. पण त्याच मुलाला दोन-तीन वर्षांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या चाचणीत किती गुण पडले, हे विचारायला आपल्यापैकी किती जण गेलो? प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हीही गेलो नव्हतो. तो मुलगाच एक दिवस आमच्या कार्यालयात आला, तोही प्रवेश रद्द करण्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्यायला.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून बाप-लेक आले होते. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. हातात स्टॅम्प पेपर. "जयभीम वकीलसाहेब, पोराला कॉलेज सोडायचंय. डॉक्टरकी झेपत नाही म्हणतो. बी.एससी. करतो म्हणतो. तेवढं अ‍ॅफिडेव्हिट करून द्या." मुलगा मान खाली घालून बसलेला. दहावीला मराठी माध्यमातून ९४ टक्के, तालुक्यात नाव झालेले. नीट देऊन शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळवलेला. आणि अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या चाचणीत १०० पैकी ३८!

आम्ही त्याला एकच प्रश्न विचारला, "बाळा, तुझ्या वर्गात पहिला आला त्याला किती पडले?"

त्याला माहीत नव्हते. फलकावरच्या यादीत त्याने फक्त स्वतःचा क्रमांक पाहिला होता आणि तिथून पळ काढला होता. आम्ही म्हटले, मित्राला फोन लाव. त्याने आमच्यासमोरच फोन लावला. पहिल्याला ६७ होते. वर्गातली बरीच मुले पन्नाशीच्या खाली होती आणि त्यांत डॉक्टरांची मुलेही होती. ती मुले काही प्रतिज्ञापत्र करायला वकिलाकडे गेली नव्हती. त्यांच्या घरी कोणीतरी सांगणारे होते की, पहिल्या चाचणीत असेच होते, लाग कामाला. आमच्या या मुलाच्या घरी हे सांगणारे कोणी नव्हते. सारा फरक इथे आहे.

समाजबांधवांनी हे नीट समजून घ्यावे, कारण हे न समजल्याने घरोघरी अनर्थ होत आहेत. दहावीची टक्केवारी, नीटचा स्कोअर आणि एमबीबीएसचे गुण ही तीन वेगवेगळी मापे आहेत. किलोने मोजलेले आणि मीटरने मोजलेले यांची तुलना कोणी करीत नाही. दहावीला शाळेचे अंतर्गत गुण असतात, उत्तम पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी निघते. पाठ्यपुस्तक एकच, ते पाठ केले की नव्वदी गाठता येते. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण, चार पर्यायांतून एक निवडायचा आणि चुकला तर एक गुण वजा. तिथे लिहायचे काहीच नाही, फक्त ओळखायचे. आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री यांचे जाडजूड ग्रंथ, दीर्घोत्तरी प्रश्न, आकृत्या, प्रात्यक्षिक आणि परीक्षकासमोर उभे राहून तोंडी परीक्षा. इथे ५० टक्क्यांना उत्तीर्ण आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. साठ-पासष्ट गुण म्हणजे इथे चांगला विद्यार्थी! पण घरी ६० सांगितले की आई विचारते, "अरे, चौऱ्याण्णववरून साठवर आलास? मोबाईल जास्त बघतोस का?"

दुसरी गोष्ट. दहावीला तो शाळेतल्या पन्नास-साठ मुलांत पहिला होता. आता तो शंभर-दीडशे जणांच्या अशा वर्गात बसतो, जिथे प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिल्या रांगेतला होता. तेव्हा कोणीतरी पन्नासावा येणार, कोणीतरी शंभरावा येणार. हे साधे गणित आहे, बुद्धी कमी झाल्याचे लक्षण नव्हे.

तिसरी गोष्ट भाषेची. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. पण महाविद्यालयाची पायरी चढली की सगळे इंग्रजी. ज्या मुलाला हाताच्या शिरा-धमन्या पाठ आहेत, त्याला त्यावर इंग्रजीत दोन पाने लिहिता येत नाहीत. मग गुण जातात ते ज्ञानाचे जात नाहीत, भाषेचे जातात. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला पायाभरणीचा म्हणजे फाउंडेशन कोर्स ठेवला आहे, त्यात भाषा आणि संगणकाची ओळखही आहे. पण बारा वर्षांची मराठी शाळा काही दिवसांत भरून निघेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

हे सारे सर्वच विद्यार्थ्यांना लागू आहे. पण आमच्या मुलाला आणखी एक प्रश्न सोसावा लागतो. वसतिगृहात, डिसेक्शनच्या टेबलाभोवती, मेसमध्ये कोणीतरी हसत विचारतो, "तुझा नीटचा स्कोअर किती?" हा प्रश्न गुणांचा नसतो. जात विचारायची लाज वाटते म्हणून स्कोअर विचारला जातो. मुंबईच्या आयआयटीने २०२३ साली सूचना काढून सांगितले की, दुसऱ्याची प्रवेश परीक्षेतली रँक विचारू नये, कारण त्यातून जात शोधली जाते. हे सांगावे लागले यातच सारे आले. आमच्या त्या मुलाने या प्रश्नाला भिऊन डिसेक्शनच्या वेळी टेबलाजवळ जाणेच सोडले होते. मागे उभा राहायचा. जो शरीर पाहणारच नाही, त्याला शरीररचना कशी येणार? म्हणजे आधी टोमण्याने मुलाला मागे ढकलायचे आणि मग कमी गुण दाखवून म्हणायचे, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! मनुवादाची ही जुनीच चाल आहे.

दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. थोरात सर आमच्याच मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. २००७ च्या अहवालात या समितीने अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून मिळणारे तुटपुंजे साहाय्य, वसतिगृहातील वेगळेपण, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतील पक्षपाताच्या तक्रारी हे सारे नोंदवले. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी आपल्यातून गेल्या. तरीही प्रश्न विचारला जातो की, आता कुठे आहे जातिभेद?

कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्हाला इथे एक मुद्दा ठासून सांगायचा आहे. घटनेतील अनुच्छेद १५(४) चा जन्मच वैद्यकीय प्रवेशाच्या वादातून झाला. मद्रास राज्याच्या जातवार जागावाटपाविरुद्ध चंपकम दोराईराजन यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५१ साली तो आदेश रद्द झाला. या बाईंनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्जसुद्धा केला नव्हता! त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली, तेव्हा कायदामंत्री होते बाबासाहेब. आणि २०२२ साली नील ऑरेलियो न्यून्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्याच संदर्भात स्पष्ट केले की, स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता असे समीकरण मांडता येत नाही, गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भात पाहावे लागते. शिवाय आरक्षण हे दारापर्यंत आहे. दाराच्या आत उत्तीर्ण होण्याचे गुण सर्वांना तेच आहेत. आमचा मुलगा डॉक्टर होतो तो त्याच प्रश्नपत्रिकेवर, त्याच गुणांनी. मग त्याच्या डिग्रीकडे बोट दाखवणाऱ्यांचा आक्षेप नेमका कशावर आहे?

ज्यांना गुणांवरून माणूस मोजायचा आहे, त्यांनी बाबासाहेबांची मॅट्रिकची गुणपत्रिका आठवावी. १९०७ साली त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. म्हणजे चाळीस टक्केही नाहीत! त्या वेळी कोणी म्हणाले असते की याला पुढचे शिक्षण झेपणार नाही, तर? सहा वर्षांनी तेच भीमराव कोलंबिया विद्यापीठात होते आणि १९१५ साली एम.ए. झाले. लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली परीक्षकांनी फेरफार करायला सांगून परत केला. त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला, डी.एससी. पदरी पडली. परत आलेला प्रबंध हा त्यांच्या दृष्टीने पुन्हा करायचे काम होते. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण त्यांच्या पदव्यांची यादी वाचतो. त्या यादीच्या शेजारी हे २८२ गुण आणि हा परत आलेला प्रबंधही मुलांना सांगितला पाहिजे.

पण म्हणून ३८ गुणांवर निवांत बसायचे काय? मुळीच नाही. ३८ म्हणजे नापासच आणि पहिल्या वर्षाला चारच संधी मिळतात, हेही मुलाला कठोरपणे सांगितले पाहिजे. तथागतांना वैद्याची उपमा दिली जाते. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते दूर होऊ शकते आणि दूर करण्याचा मार्ग आहे, ही वैद्याचीच रीत. पहिल्या चाचणीचे गुण हे निदान समजावे. त्या मुलाला आमच्या ओळखीच्या एका बौद्ध डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी दोन तासांत त्याचे दुखणे ओळखले. तो नीटसारखाच अभ्यास करीत होता. नुसता वाचत होता, लिहीत काहीच नव्हता. डॉक्टरांनी त्याला विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या आणि सांगितले: रोज एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहायचे, आकृतीसह. दोन सोबती गाठून एकमेकांना मोठ्याने शिकवायचे, म्हणजे तोंडी परीक्षेची भीती जाते. डिसेक्शनला टेबलाजवळ उभे राहायचे, कोणी काही म्हणो. आणि चाचणीची उत्तरपत्रिका शिक्षकांकडून मागून बघायची, गुण कुठे कापले ते विचारायचे. यात आम्ही एक भर घातली. विद्यापीठाच्या परीक्षेतली तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच आदित्य बंदोपाध्याय खटल्यात मान्य केले आहे. हा हक्क भीक नाही, वापरला पाहिजे.

आणि ज्याला हे सारे ओझे असह्य होते, झोप उडते, नको ते विचार येतात, त्याने एकट्याने कुढू नये. १४४१६ हा टेलि-मानसचा शासकीय क्रमांक मोफत आहे. पालकांनीही यात कमीपणा मानू नये. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलालाही डॉक्टरची गरज पडू शकते.

आता प्रश्न चळवळीचा. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. पुढे १९४६ ला सिद्धार्थ आणि १९५० ला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. शाळेचे दार उघडले एवढ्याने मुलगा शिकत नाही, त्याच्या पाठीशी घर, पुस्तक आणि माणूस लागते, हे त्यांनी जाणले होते. आपण मात्र दारापाशी हार घालतो आणि घरी जातो. हजार रुपयांची शाल आणि ट्रॉफी देतो, पण त्याच पैशांत येणारे अ‍ॅनाटॉमीचे जुने पुस्तक देत नाही. आपल्या समाजात आज डॉक्टर कमी नाहीत. त्यांच्यापैकी किती जण महिन्यातून दोन तास पहिल्या वर्षाच्या एका मुलाला देतात? जे देतात त्यांना आमचा क्रांतिकारी जयभीम. जे देत नाहीत, त्यांना बाबासाहेबांनी शिकलेल्यांकडून काय अपेक्षा केली होती ते आम्ही सांगायला नको.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यातील विहाराने एक वही घालावी. यंदा वैद्यकीयला कोण गेले, कोणत्या महाविद्यालयात, वसतिगृह मिळाले की नाही, नसेल तर स्वाधार योजनेचा अर्ज भरला का, पहिल्या चाचणीत काय झाले, एवढेच त्यात लिहावे. प्रत्येक मुलामागे एका वरिष्ठ विद्यार्थ्याचे किंवा डॉक्टरांचे नाव असावे. जुन्या पुस्तकांचे एक कपाट असावे. छळ झाला तर तक्रार लेखी करावी, पोच घ्यावी; आमच्यासारखे वकील कशासाठी आहेत? आणि गुणगौरव सोहळा वर्षातून आणखी एकदा व्हावा, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या निकालानंतर. त्यात टक्केवारी पुकारू नये. तग धरला, एवढीच पात्रता असावी.

त्या मुलाचे पुढे काय झाले? विद्यापीठाच्या परीक्षेत दोन विषय सुटले, अ‍ॅनाटॉमी राहिला. तो पुरवणी परीक्षेत सुटला. वडिलांचा फोन आला, तोही ओशाळ्या आवाजात. "साहेब, पास झाला, पण बावन्नच पडले. कोणाला सांगावं असं काही नाही." आम्ही म्हटले, "दादा, चौऱ्याण्णवचे पेढे सगळ्या गावाने खाल्ले. आता या बावन्नचे पेढे घेऊन या, ते जास्त कष्टाचे आहेत." ते आले, पेढे आणले. तो स्टॅम्प पेपर अजून आमच्या टेबलाच्या खणात कोराच पडून आहे. असे कोरे कागद गावोगावच्या खणांत राहोत, यासाठी यंदाच्या सत्काराचे हार विकत घेण्याआधी आपण ती वही विकत घेऊ या.

जयभीम!