लहान पेटीतला संगणक



घरी संगणक जुळवून घ्यावयाचा म्हटले म्हणजे बहुतेक जण प्रथम विचारतात, प्रोसेसर कोणता घ्यावा? टेबलाखाली मोठे कॅबिनेट ठेवावयाचे असेल तर या प्रश्नाने आरंभ करण्यास हरकत नाही, कारण मोठ्या पेटीत चूक खपते. परंतु दोन खोल्यांच्या घरात जो संगणक मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरच राहावयाचा आहे, आणि ज्याच्यासाठी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे एकदाच खर्च व्हावयाचे आहेत, तेथे क्रम उलटा लावावा लागतो. आधी काम, मग पेटीच्या आतील माप, आणि त्या मापात बसतील ते सुटे भाग.

कामाचा निकाल लवकर लागतो. लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग, चित्रपट, थोडे प्रोग्रॅमिंग, एवढ्यासाठी निराळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ज्या प्रोसेसरच्या पोटातच चित्र उमटविण्याची सोय असते तो घेतला की एक महाग, तापट आणि जागा अडविणारी वस्तू यादीतून गळते. मात्र नावातले शेवटचे अक्षर वाचावे. इंटेलच्या कोअर प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ही सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, आणि घरी आणून जोडल्यावर पडदा काळाच राहतो! उलट एएमडीचा २०२१ सालचा रायझन ५ ५६००जी यातला ‘जी’ ही सोय आहे असे सांगतो.

आता माप. इंटेलने १९९५ साली ठरविलेला एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. त्याचे धाकटे भावंड मायक्रो-एटीएक्स हे २४४ मिलिमीटर चौरस. आणि २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने आणलेला मिनी-आयटीएक्स अवघा १७० मिलिमीटर चौरस. वस्तू लहान तर किंमतही लहान, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. मिनी-आयटीएक्सचा खप थोडा आणि दाटीतली मांडणी कठीण, म्हणून तो बहुधा महागच पडतो. त्याच्या अगदी छोट्या पेट्यांना बहुतेक वेळा एसएफएक्स मापाचा एसएमपीएस लागतो, तोही महाग. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! टेबलावर वीतभर जागा अधिक देता येत असेल, तर मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि त्याच्या बेताची आटोपशीर पेटी हाच काटकसरीचा मार्ग होय.

त्याहून लहान हवे असेल तर अर्धी तयार पेटी मिळते, तिला बाजारात बेअरबोन म्हणतात. अ‍ॅसरॉक कंपनीची डेस्कमिनी एक्स३०० ही अशी पेटी १५५ बाय १५५ बाय ८० मिलिमीटरची, दोन लिटरच्या आतली. बोर्ड आणि १२० वॅटचा अ‍ॅडॅप्टर तिच्याबरोबरच येतो. प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि हीटसिंक आपण घालावयाचे. येथेच माझा मुद्दा स्पष्ट होतो. रॅम लॅपटॉपची लागते, मोठ्या संगणकाची बसत नाही. आणि प्रोसेसरवर ४६ मिलिमीटरहून उंच हीटसिंक मावत नाही. ५६००जी बरोबर फुकट मिळणारा हीटसिंक सुमारे ५४ मिलिमीटर उंच आहे. आठ मिलिमीटरसाठी झाकण लागत नाही, आणि नवा बुटका हीटसिंक विकत घ्यावा लागतो. प्रोसेसर आधी घेणाऱ्यास हे शेवटी कळते.

बुटक्या हीटसिंकची एक अडचण आपल्या हवेत विशेष आहे. हीटसिंक प्रोसेसरला खोलीतल्या हवेहून थंड करू शकत नाही. तो उष्णता हवेच्या हवाली करतो, एवढेच. अकोल्यास किंवा नागपुरास मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर गेली, की हवेतला आणि प्रोसेसरमधला फरक कमी होतो, पंखा ओरडू लागतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. बोर्डाच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर ५६००जीची मर्यादा ६५ वॅटवरून ४५ वर आणावी. रोजच्या कामात फरक क्वचितच जाणवतो.

रॅम एका १६ जीबीच्या पट्टीऐवजी ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. पोटातली ग्राफिक्स याच रॅमवर गुजराण करते, आणि एकच पट्टी असेल तर तिची वाट निम्मी अरुंद होते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा निराळ्या असतात, तेव्हा बोर्डाचा कागद पाहूनच घ्यावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, त्यामुळे चुकीच्या पट्टीचा भुर्दंड आता पूर्वीसारखा किरकोळ राहिलेला नाही. एसएसडीचे थोडक्यात : एम.२ पट्टी ‘सॅटा’ की ‘एनव्हीएमई’, हे बोर्डाशी जुळवून घ्यावे.

एसएमपीएसवर मात्र हात आखडू नये. अशा संगणकाला दीडशे वॅटसुद्धा क्वचित लागतात, पण अनोळखी डब्यावर ‘५००’ छापलेले असते ते खरेच असेल असे नाही. ‘८० प्लस’चे चिन्ह ओढलेल्या विजेपैकी किती कामी येते एवढेच सांगते, टिकाऊपणाची हमी ते देत नाही.

ज्यांची ऐपत अगदीच बेताची आहे, त्यांनी सुटे भाग शोधण्यापूर्वी कचेऱ्यांतून निघालेले, लिटरभर आकाराचे जुने संगणक पाहावेत, असे माझे मत आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. सातव्या पिढीचा यंत्रसंच फार स्वस्त दिसला तर त्यामागे हे कारण असते. लिनक्स वापरणाऱ्यास तो चालेल.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर होवो वा आपल्याच पेठेत, बिलावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण जुळविलेल्या संगणकात हमी भागागणिक निराळी असते. आणि सर्व भाग दुकानातच जोडून एकदा सुरू करून पाहावेत. बोर्ड प्रोसेसरपूर्वीचा असेल तर त्यातले बायोस नवे केल्यावाचून तो प्रोसेसरला ओळखत नाही, आणि त्यासाठी पुष्कळदा जुन्या पिढीचा प्रोसेसर घटकाभर लावावा लागतो. तो दुकानदाराच्या खणात सापडतो, आपल्या घरी नाही.